याला हॉर्न कुठंय?

…आन् वरून मलाच विचारतो, "काका, याला हॉर्न कुठंय?"

हॉर्न! आता तुम्हीच सांगा मायबाप, वर आभाळात हॉर्न कोणासाठी वाजवायचा? घारीसाठी? का ढगाला म्हणायचं, सरक बाबा बाजूला, मागून आम्ही आलो? हे विमान काय गुलमंडीच्या बाजारातून चाललंय, का म्हशी आडव्या येणार हायेत याला?... पण मी काय म्हणलो? मी हसलो. हात जोडले. आन् म्हणलो, "प्रश्न चांगला आहे!" पस्तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं दर रविवारी दहा ते बारा मी हेच म्हणत आलोय, तोंडाला सवयच लागली, परवा दवाखान्यात डॉक्टर म्हणला, आजोबा, वय काय? तर मी म्हणलो, प्रश्न चांगला आहे!

बसा, बसा तुम्ही. उन्हात उभं राहू नका, या पंखाखाली या. सतरा मीटर हाये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्खी वरात बसंल सावलीला. फक्त टेकू नका कोणी... अहो ताई, टेकू नका! मधे एकच मोठं चाक हाये त्याला, इकडून दाबलं की तिकडून उठतं. मागच्या महिन्यात वैजापूरचे एक कांद्याचे व्यापारी आले, भला दांडगा माणूस, टेकला निवांत. आन् तिकडच्या टोकाला त्यांच्याच मंडळींनी पंखावर जेवणाचा डबा ठेवलेला! हे इकडं खाली, डबा तिकडं वर, आन् वांग्याची भाजी थेट त्यांच्या सासूबाईच्या अंगावर. पुन्हा मलाच विचारतात, "याला हँडब्रेक नाय का?" काय म्हणणार? प्रश्न चांगला आहे!

तर हे मोटर ग्लायडर. म्हंजे काय? अर्धं विमान आन् अर्धी घार. इंजिन लावून वर जायचं, आन् वर गेलं की इंजिन बंद करायचं. बघा, बघा, झाले ना डोळे मोठे? सगळ्यांचे होतात! "बंद पडलं तर?" बंद पडत नाय हो, बंद करतात! मुद्दाम! खालून गरम हवा वर चढती, तिच्यावर हे तरंगतं. घार कुठं पंख हलवते? फिरते आपली गोल गोल. तसंच हे.

मी तुम्हाला घारीचं सांगतो. घारीमुळंच मला ही नोकरी लागली. आम्ही मेंढरंवाले, त्या टेकडीमागं आमची वस्ती. या माळावर मी मेंढरं चारायचो, तेव्हा क्लब नवा नवा निघाला होता. कॅप्टन बद्रीनाथ साहेब, त्यांचाच हा क्लब, ते एक दिवस बांधावर माझ्याशेजारी येऊन बसले आन् म्हणाले, "घारी कुठं फिरतात रे इथं?" म्हणलं, साहेब, बारा वाजता त्या खडकाळ टेकडीवर, तीन वाजता तिकडं नांगरलेल्या रानावर, आन् आभाळ आलं की कुठंच नाय. साहेबांनी वही काढली, लिहून घेतलं! मेंढरंवाल्याचं बोलणं वहीत लिहून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "त्रिंबक, कामाला ये."

काम काय, तर विमान ढकलायचं, पुसायचं, धावपट्टीवर कुत्रं आलं तर हाकलायचं, आन् रविवारी नवीन लोकांना माहिती द्यायची. म्हणलं साहेब, मी सातवी नापास, मी काय माहिती देणार? तर साहेब म्हणाले... साहेबांचं बोलणं असं, हळू, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं... "त्रिंबक, जो माणूस इथं पहिल्यांदा येतो, त्याच्या मनात प्रश्न असतो आणि तोंडावर लाज असते. ती लाज घालवणं हे तुझं काम. कोणी काहीही विचारू दे, हसायचं नाही. आधी म्हणायचं, प्रश्न चांगला आहे. मग उत्तर द्यायचं." फाटकावर पाटी बी लावली, ती बघा, रंग उडालाय तिचा आता... 'नवीन येणाऱ्यांचे स्वागत. काहीही विचारा, लाजू नका.'

आन् लोकांनी विचारलं! लाजतंय कोण? ॲव्हरेज किती देतं? याला कुलूप कसं लावता? रिव्हर्स गियर हाये का? वैजापूरवरून जाताना जरा थांबवून सासूला उतरवता येतं का? वर असताना लघवीला लागली तर? हे तर रोजचंच. उत्तर काय, तर निघायच्या आधी जाऊन यायचं, संडास त्या शेडच्या मागं, डाव्या हाताला. एक मास्तर तर म्हणाले, हे उडतं ते खरं कशावरून? मी म्हणलो, प्रश्न चांगला आहे!

आत वाकून बघा, बघा, हात नका लावू. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात. हा मधला दांडा, पुढं लोटला की नाक खाली, मागं ओढला की नाक वर, डावीउजवीकडं केला की पंख कलतात. पायात ती दोन पेडलं, शेपूट वळवायला. हिरवा खटका दिसतोय ना, तो लावला की दांडा जागेवर राहतो, धरून धरून हात दुखू नाय म्हणून. निळा दांडा एअरब्रेकचा, ओढला की पंखावर फळ्या उभ्या राहतात आन् विमान खाली यायला लागतं. "ब्रेक लावल्यावर हवेत थांबतं का?" नाय हो, थांबत नाय! पण प्रश्न चांगला आहे. आन् तो लाल... लालला बिलकुल हात लावायचा नाय. संकटात वरची अख्खी काच उडवून द्यायला हाये तो. गुलमंडीतले एक कापडवाले चाचा आले होते. "ये लाल कायकू है?" विचारलं आन् विचारता विचारताच ओढला! "अरे, ये तो हात में च आ गया!" अहो, कशी नाय येणार? काच दोन्ही हातांत धरून बसलेले, ताट धरल्यासारखे. बाहेर बी येता येईना आन् काच ठेवता बी येईना.

तर असं मी सगळं सांगायचो. घडाघडा! कुठं अडखळायचो नाय. लोक म्हणायचे, काका, तुम्ही किती वेळा गेलात वर? मी नुसता हसायचो, आन् हात असा करायचो... म्हंजे, मोजलंय कोणी?

आता तुम्हाला खरं सांगतो. कोणाला सांगितलं नाय, तुम्हाला सांगतो. मी वर गेलोच नव्हतो.

एकदा बी नाय! वीस वर्षं! साहेब दर दोन महिन्याला म्हणायचे, "त्रिंबक, चल, बस शेजारी." मी म्हणायचो, आज अमावस्या हाये. आज पोट बिघडलंय. आज मेंढी व्यायला झालीये. साहेब म्हणायचे, "तुझी मेंढी फार वेळा विते." भ्या, दुसरं काय! आमचा बा बी मेंढरामागंच हिंडला. निजामाच्या वेळच्या पोलीस ॲक्शनच्या साली वरून एक विमान गेलं, तर बा मेंढरांसकट बाभळीच्या बनात घुसला आन् दोन दिवस बाहेर निघाला नाय. मरेपर्यंत एकच सांगायचा, "त्रिंबका, माणसानं वर बघावं, वर जाऊ नाय." त्याचं रक्त हाये हे. पायाखाली ढेकूळ लागलं तरच माझ्या जिवाला बरं वाटतं.

पण घरी काय सांगणार? पहिल्याच दिवशी घरी गेलो तर बाना दारातच उभी. बानाबाई, माझी मंडळी. हातात लोकर कातायची चाती, ती गर गर फिरतीये, आन् डोळे माझ्याकडं. "अवो, कसं हाये इमान?" आन् मी म्हणून गेलो... "वर जाऊन आलो." झालं! एका वाक्यात खड्डा खणला! तिनं चाती खाली टाकली, अख्ख्या वस्तीत सांगून आली. लोक यायला लागले, "त्रिंबक, वरून आमचं घर दिसतं का?" मी म्हणायचो, दिसतं की! पत्र्यावर तू दगड ठेवलेत ते बी दिसतात. आता इतकं बारीक सांगितल्यावर माणूस मागं कसा फिरणार? कसा?

तुम्ही काच बघितली का पुढची? मधोमध एक काळा दोरा चिकटवलाय बघा, बोटभर. लोकांना वाटतं, दृष्ट लागू नाय म्हणून हाये. नाय. ते विमानातलं सगळ्यात इमानदार यंत्र. दोरा सरळ मागं उडतोय, म्हंजे विमान नीट चाललंय. दोऱ्याचं टोक डावीकडं पळालं, उजवा पाय दाबायचा. उजवीकडं पळालं, डावा. बस! एवढ्या महागड्या विमानाला लोकरीचा दोरा! साहेबांचा जुना दोरा झिजला तेव्हा म्हणाले, "त्रिंबक, कुठं लोकर मिळेल का रे?" मेंढरंवाल्याला विचारतात, लोकर मिळंल का! मी बानाला सांगितलं. तिनं काळ्या मेंढीची लोकर काढली, बारीक कातली, दोनदा पीळ दिला, आन् दोरा हातात देताना म्हणाली, "माझा दोरा वर जाणार व्हय?" तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ती नवा दोरा द्यायची. मी आठवण न करता. भाकरीच्या फडक्यात, कांद्याशेजारी.

तिचा दोरा रोज वर जायचा. आन् मी खाली.

तर एक रविवार... देवगाव रंगारीच्या शाळेची सहल आली होती. चाळीस पोरं, दोन मास्तर, लई गलका. मी रंगात आलो होतो. त्या दिवशी भाकरी घरी विसरलो, तर ही बाई टेकडी उतरून भाकरी घेऊन आली. आली ती आली, मागं उभी राहिली. पदर दातात. मी बघितलं, पण बघितलं नाय असं केलं. शेवटी मी म्हणलो, नेहमीसारखं, "अजून कोणाला काय विचारायचंय? विचारा, विचारा, लाजू नका!"

आन् हिनं हात वर केला.

शाळेतल्या पोरीसारखा! हातात भाकरीचं फडकं, तसंच वर! सगळी पोरं मागं वळून बघायला लागली. आन् ही विचारती, हळूच... "ते इंजिन बंद केल्यावर... वर काय ऐकू येतं?"

आता, पोरांना काय कळलं नाय. मास्तरांना बी नाय. पण तिकडं शेडच्या दारात साहेब उभे होते, ते एकदम ताठ झाले. आन् मी?... माझ्या तोंडाला कुलूप. हॉर्नचं उत्तर हाये, लघवीचं हाये, सासूचं हाये, याचं नाय! वर गेलेल्या माणसालाच ठाऊक असणार ना ते! आन् ती माझ्याकडं बघतीये, मी रोज वर जातो असं समजून बघतीये, चाळीस पोरं बघतायत, साहेब बघतायत, आन् साहेबांना तर सगळं ठाऊक... मला घाम फुटला, तुम्हाला सांगतो, आन् घामाचा राग आला, आन् राग निघाला तिच्यावर. म्हणलं, "ए, तुला काय करायचंय त्याचं? भाकरी ठेव तिथं आन् जा, मेंढराकडं बघ!"

पोरं हसली. मास्तर हसले. ती बी हसली जराशी. भाकरी ठेवली, पदर सारखा केला, आन् गेली. टेकडी चढताना मी बघत होतो तिला, बराच वेळ. मागं वळून बघितलं नाय तिनं.

पस्तीस वर्षांत हजारो माणसांना म्हणलो, प्रश्न चांगला आहे. एकट्या तिलाच नाय म्हणलो.

साहेब जवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "त्रिंबक, मला आजवर कोणी विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न होता तो." मी म्हणलो, साहेब, मंग उत्तर सांगा, संध्याकाळी तिला सांगतो. तर म्हणाले, "ते सांगण्यासारखं नाही. ऐकायचं असतं. चल वर." मी म्हणलो, साहेब... मेंढी.

संध्याकाळी घरी गेलो. वाटलं, आता विचारंल, भांडंल, ताट आदळंल. कसलं काय! विचारलं ते एवढंच, "कालवणात मीठ बरं हाये का?" आन् त्यानंतर विमानाचं एक अक्षर नाय. चौदा वर्षं! मी बोलायचो, आज हे झालं, आज ते आले, त्यांनी असं विचारलं... मी घरी लई बोलतो, इथं बोलतो त्याच्या दुप्पट, जेवताना, हात धुताना, उष्टं तोंड पुसताना बी बोलतो. ती ऐकायची, चाती फिरवायची, हां हां म्हणायची. पण विचारायची नाय. दोरा मात्र यायचा. दर सहा महिन्यांनी, कांद्याशेजारी.

मंग तिच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नेलं, वीस दिवस ठेवलं, डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, काय खावंसं वाटंल ते द्या. आपल्याला कळतं हो त्याचा अर्थ. दारासमोर तिला टाकलं, घोंगडीवर, तिथून माळ दिसायचा. एक दिवस दुपारी मी शेजारी बसलो होतो, बोलतच होतो काय तरी, आन् ती मधेच म्हणाली, "अवो, ते राहिलंच."

म्हणलं, काय राहिलं?

"ते... इंजिन बंद केल्यावरचं."

चौदा वर्षं, तुम्हाला सांगतो! चौदा वर्षं बाईनं तो प्रश्न पदराच्या गाठीत ठेवला! मी म्हणलो, सांगतो की, असा वारा येतो बघ... तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी वर गेलाच नाय ना कधी?" तीच पुढं म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठावं हाये. वर गेलेल्या माणसाच्या चपलेला रोज एवढी माती लागते व्हय?"

सांगा! बोला आता! वीस वर्षं मी खोटं बोलत होतो आन् वीस वर्षं ती माझी चप्पल झाडत होती!

मी म्हणलो, मंग त्या दिवशी चारचौघांत विचारलं कशाला? तर म्हणाली, "मला खरंच ऐकायचं होतं म्हणून." आन् थोड्या वेळानं म्हणाली, "जावा की एकदा. मला येऊन सांगा."

उठलो. तसाच उठलो, तुम्हाला सांगतो, चप्पल सुद्धा उलटी घातली. माळ तुडवत इथं आलो, साहेब त्या खुर्चीवर बसलेले, केस पांढरे झालेले त्यांचे तोवर. म्हणलं, साहेब, वर न्या. साहेबांनी अमावस्या विचारली नाय, मेंढी विचारली नाय. टोपी घातली आन् चालायला लागले.

बसलो. पट्टा आवळला. डोक्यावर काच आली. इंजिन सुरू झालं आन् माझे दात वाजायला लागले, इंजिन जास्त वाजतंय का दात, कळंना! धावलं, धावलं, आन् एकदम... ढेकूळ संपलं. पायाखालचं ढेकूळ संपलं हो! मी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "उघड." उघडले तर खाली आमची वस्ती, आन् खरंच, पत्र्यावरचे दगड दिसत होते! मी थापा मारल्या त्या बी खऱ्या निघाल्या! तिकडं दौलताबादचा किल्ला, पालथ्या टोपल्याएवढा. मेंढरं म्हंजे सांडलेले दाणे. आन् समोर काचेवर बानाचा दोरा, सरळ, एकदम सरळ. मला तेवढाच एक आधार. त्याच्याकडं बघत राहिलो.

मंग साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्रिंबक, आता बंद करतो. ऐक."

खटका फिरवला. पंखा थांबला. पुढं नुसतं एक पातं उभं, काठीसारखं. आन्...

आन् माझं तोंड सुरू झालं!

काय सांगू तुम्हाला, माझ्या हातात नव्हतं ते, भ्यानं पोटातून जे वर आलं ते सगळं तोंडातून बाहेर पडायला लागलं, म्हणलं साहेब हा मधला दांडा पुढं लोटला की नाक खाली मागं ओढला की नाक वर हिरवा खटका हात दुखू नाय म्हणून निळा एअरब्रेकचा थांबत नाय हवेत पण खाली येतं लालला हात लावायचा नाय गुलमंडीच्या चाचांनी लावला होता दोरा डावीकडं तर पाय उजवा दोरा उजवीकडं तर पाय डावा हॉर्न नसतो रिव्हर्स नसतो कुलूप शेडला असतं संडास मागं डाव्या हाताला... साहेब म्हणतायत, "त्रिंबक, ऐक." मी म्हणतोय, प्रश्न चांगला आहे! साहेब म्हणतायत, "अरे, एक मिनिट गप." मी म्हणतोय, विचारा विचारा लाजू नका!... बावीस मिनिटं! बावीस मिनिटं आम्ही तरंगलो, शेजारून एक घार गेली, तिनं मान वळवून बघितलं माझ्याकडं, आन् मी तिला बी एअरब्रेक समजावून सांगितला. चाक जमिनीला लागलं तेव्हाच तोंड बंद झालं.

साहेबांनी काच उघडली. मंग म्हणाले, "त्रिंबक, माझं विमान तू मला फार छान समजावून सांगितलंस. उद्या परत जाऊ." पण उद्या वारं आलं. परवा बी वारं. आन् इकडं बानाचा घास जाईना.

वर गेलो त्याच संध्याकाळी तिच्याजवळ बसलो. तिनं नुसतं बघितलं. डोळ्यांनीच विचारलं, काय? मला वाटलं, काय तरी गोड सांगावं, बासरी ऐकू येते म्हणावं, देव बोलतो म्हणावं, मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं तर काय पाप लागतंय का? पण तिच्यासमोर खोटं चालत नव्हतं, वीस वर्षं चाललं नव्हतं. म्हणलं, बाने, वर गेलो. इंजिन बंद केलं. आन् मला... माझाच आवाज ऐकू आला.

ती बघत राहिली. आन् मंग हसायला लागली. अशी हसली, अशी हसली, खोकला आला तरी हसली, डोळ्यांतून पाणी आलं, आन् म्हणाली, "म्हंजे घरच्यासारखंच की!"

मी बी हसलो. दोघं हसलो. तेव्हा तरी म्हणायचं ना मी! तिचा हात हातात होता, वेळ होती, दुसरं कोणी ऐकायला नव्हतं. म्हणायचं ना, बाने, तुझा प्रश्न चांगला होता. चारच शब्द. नाय म्हणलो! बोलत बसलो आपला घारीचं, किल्ल्याचं, पत्र्यावरच्या दगडाचं... आठव्या दिवशी सकाळी ती गेली. मी चुलीवर चहा ठेवला होता आन् तिच्याशी बोलत होतो. किती वेळ ती नसताना बोलत होतो, मला ठाऊक नाय.

लई रडलो. लपवत नाय तुमच्यापासून. माणसं म्हणायची, त्रिंबक, बोल काय तरी, मोकळा हो, तू तर बोलका माणूस. शब्द येईना.

पुढं साहेब बी पोराकडं राहायला गेले, क्लबवाल्यांनी इंजिन काढून नेलं, उडायची परवानगी संपली. पंधरा वर्षं झाली, हे इथंच उभं हाये. क्लबवाले म्हणाले, त्रिंबक, रविवारचं तेवढं चालू ठेव, नवीन लोक येत राहतात. ठेवलंय. रोज पुसतो. दोरा बदलावा लागत नाय, उडणंच नाय तर झिजणार कशानं? तिनं शेवटचा दिलेला तसाच हाये.

आन् घरी गेलो की... कुलूप काढतो, आत जातो, बसतो. भाकरी खातो. बोलायला कोणी नाय म्हणून आपोआप गप असतो. पहिल्या पहिल्यांदा भ्या वाटायचं, वर गेल्यावर वाटलं होतं तसंच. आता बसतो. आन् मंग ऐकू येतं. वारा पत्र्याच्या कडेनं सरकतो, हळू, कोणी लोकर ओढावी तसा. दूर कुठं मेंढराच्या गळ्यातली घंटी एकदा वाजते आन् थांबते. बाकी काय नाय. माझा आवाज नाय. मला वाटतं, हेच असंल. खात्री नाय, मी वर कुठं ऐकलंय? पण मला वाटतं, इंजिन बंद केल्यावर असंच ऐकू येत असंल.

म्हंजे उत्तर हाये आता माझ्याजवळ! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हाये! आन् गंमत बघा, विचारत कोणी नाय. दर रविवारी वाट बघतो. सगळं सांगून झालं की शेवटी मागं बघतो, तिथं, ती उभी होती त्या जागेवर... एखादा तरी विचारंल. एकदा कोणी विचारू द्या, आधी काय म्हणायचं ते मला पाठ हाये.

असो. झाले बारा. अजून कोणाला काय विचारायचंय? विचारा, विचारा, लाजू नका... हां! त्या मागच्या बाई, पदर घेतलेल्या... व्हय, तुम्हीच! या, पुढं या. हात खाली घेऊ नका. अहो, हसू नका रे कोणी त्यांना! विचारा ताई, मोठ्यानं विचारा, मी ऐकतोय... बिलकुल गप बसून ऐकतोय...

…

हॉर्न?

…

प्रश्न चांगला आहे.